चाकांतील हवेचा पहारेकरी
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. ज्यानें पस्तीस वर्षें मुलांस गणित व शास्त्र शिकविलें, ज्याचें स्वतःचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, आणि ज्याला मोटार हांकतांही येत नाहीं, अशा म्हाताऱ्या शाळामास्तरानें मोटारीच्या टायरांतील हवेविषयीं काय सांगावें? ही शंका रास्त आहे. मी यंत्रविशारद नाहीं. परंतु एका लहानशा पिवळ्या दिव्यानें मला उतारवयांत एक धडा शिकविला, आणि तो शिकतांना माझ्या नातवाच्या जिवावर बेतलें होतें. तो धडा आपणांस फुकट मिळावा, एवढाच माझा हेतु आहे.

आमच्या चिरंजीवांनीं २०२१ सालीं एक उंच, दणकट गाडी घेतली. हिच्या चारी चाकांना एंजिनाचा जोर पोहोंचतो. सडक संपली तरी जिचें काम संपत नाहीं, चिखल, दगडगोटे, ओढे यांतून जी वाट काढते, अशा गाडीस हल्लीं ‘ऑफ-रोड’ गाडी म्हणतात. हिच्या प्रत्येक चाकांत हवेचा दाब मोजणारा एक सेन्सर आहे, आणि चालकापुढील फलकावर एक पिवळा दिवा आहे. घोड्याच्या नालासारखी आकृति आणि तिच्या पोटांत उद्गारचिन्ह, असें त्याचें रूप. चाकांत हवा कमी झाली कीं हा दिवा लागतो.

२०२३ च्या डिसेंबरांत हा दिवा रोज सकाळीं लागूं लागला. चिरंजीव कामावर निघाले कीं दिवा हजर. दुपारीं परततांना पाहावें तों तो मावळलेला! आठ-पंधरा दिवस असें चालल्यावर आम्हीं ठरवून टाकलें कीं, दिव्याला थंडी बाधते. पुढें २०२४ च्या मार्चांत चिरंजीवांनीं खडबडीत दांत्यांचे नवे टायर बसवून घेतले. त्या दिवसापासून दिव्यानें निराळेंच सोंग घेतलें. गाडी सुरू केली कीं तो मिनिटभर उघडझांप करी आणि मग जो लागे तो विझेचना. ज्या दुकानांत टायर बसविले तेथील मनुष्य म्हणाला, “असं होतं कधीं कधीं. लक्ष देऊं नका.”

चिरंजीवांनीं लक्ष दिलें नाहीं. मीं त्यांच्याही पुढें मजल मारली. “अष्टौप्रहर जळणारा दिवा हा दिवाच नव्हे,” असें एक सुभाषित झाडून मीं नातवाच्या चित्रकलेच्या पेटींतून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि तो दिवा झांकून टाकला. नातू तेव्हां आठ वर्षांचा होता. त्यानें विचारलें, “आजोबा, दिवा कां लपवला?” मीं म्हटलें, “तो उगाच ओरडतो म्हणून.”

त्याच वर्षीं ऑगस्टांत आम्ही सहकुटुंब तोरण्याच्या पायथ्याकडे गेलों. चिखलाच्या वाटेवर शिरण्यापूर्वीं चिरंजीवांनीं चारी चाकांतील हवा ३३ वरून २० पौंडांवर उतरविली. येथें पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील दाब. पेट्रोल पंपावर यालाच ‘पीएसआय’ म्हणतात. हवा उतरविली कीं टायर पसरट होतो, जमिनीस अधिक कवळतो आणि चिखलांत रुतत नाहीं. परत डांबरी सडकेला लागल्यावर त्यांनीं लहान पंपानें हवा पुन्हां ३३ वर आणली. येथपर्यंत सर्व यथास्थित होतें. परंतु त्या दगडांच्या वाटेंत कोठें तरी डाव्या बाजूच्या मागील टायरांत एक अणकुचीदार लोखंडी तुकडा शिरला होता, आणि हवा हळूहळू निसटत होती.

नसरापुरावरून आम्ही पुण्याच्या हमरस्त्यास लागलों. वाटेंत फलकावर कांहीं अक्षरें उमटलीं आणि बारीकसा आवाज झाला. सहा महिने गाडी सुरू करतांना असाच आवाज होई व चिरंजीव बटण दाबून तो बंद करीत. त्या दिवशींही त्यांचा अंगठा आपोआप त्या बटणावर गेला. खाली काय लिहिलें आहे तें कोणीं वाचलें नाहीं. खेड-शिवापूर जवळ आलें तेव्हां मागें बसलेल्या सूनबाई म्हणाल्या, “कांहीं तरी जळल्याचा वास येतो आहे.” गाडी कडेला घेतली. मीं मागच्या टायरास हात लावला आणि चटका बसून तो मागें घेतला. दाबमापक लावला, आंकडा आला ११.

जवळच पंक्चर काढणाऱ्याचें एक पत्र्याचें दुकान होतें. त्या तरुणानें टायर उतरवून आंतून दाखविला. आंतील बाजूस रबराचा काळा भुगा सांचला होता आणि कडेची भिंत घांसून सुतें दिसूं लागलीं होतीं. “हा टायर आतां कामाचा नाहीं,” तो म्हणाला. “वेळेवर थांबलात.” त्यानें राखीव चाक बसविलें, गाडी सुरू करून पाहिली, आणि फलकाकडे बोट दाखवून मला विचारलें, “काका, हा दिवा कुणी झांकला?”

मीं म्हटलें, “मीं.” नातू शेजारीं उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें कांहीं तरी बोलावें असें मला फार वाटत होतें.

घरीं आल्यावर तीन वर्षें पेटींत पडून राहिलेली गाडीची पुस्तिका मीं काढली आणि वही-पेन्सिल घेऊन विद्यार्थ्यासारखी वाचली. नंतर जाणत्या कारागिरांकडे जाऊन विचारपूस केली. त्यांतून जें समजलें तें आतां सांगतों.

प्रथम हें यंत्र आहे तरी काय? याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत प्रत्येक चाकाच्या आंत, बहुधा हवा भरावयाच्या व्हाल्वच्याच बुडाशीं, एक लहानशी डबी बसविलेली असते. तिचें वजन अडीच-तीन तोळ्यांचें. तींत दाब व उष्णता मोजणारा एक कण, चाकाचें फिरणें ओळखणारा दुसरा, एक चपटी लिथियमची बॅटरी आणि एक इवलेंसें नभोवाणी-प्रक्षेपक यंत्र, एवढा संसार असतो. होय, श्रोतेहो! ज्या विद्युल्लहरींच्या योगें माझा आवाज आपणांपर्यंत पोहोंचत आहे, त्याच जातीच्या लहरींनीं टायर आपली हकीकत चालकास कळवीत असतो. अमेरिकेंत बहुतेक गाड्यांत या लहरींची कंपनसंख्या ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपांत व आपल्याकडे ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास असते. प्रत्येक सेन्सरास स्वतःचा ओळख-क्रमांक असतो. हजेरीपटावरील क्रमांकाप्रमाणें गाडी त्यावरून ओळखते कीं, बोलतो आहे तो आपल्याच वर्गांतला आहे.

दुसऱ्या प्रकारांत चाकांत कांहींच नसतें. ब्रेकच्या यंत्रणेसाठीं प्रत्येक चाकाचे फेरे मोजलेच जातात. ज्या टायरांत हवा कमी त्याची त्रिज्या किंचित् कमी. म्हणून तेंच अंतर तोडण्यास त्यास अधिक फेरे घ्यावे लागतात. या फरकावरून गाडी अनुमान काढते. ही युक्ति स्वस्त खरी, परंतु चारी चाकांतील हवा सारखीच उतरली तर ती फसण्याचा संभव असतो. आणि चिखलांत किंवा वाळूंत चाकें जागच्या जागीं घसरूं लागलीं कीं तिचा हिशेब भरंवशाचा राहत नाहीं. आपल्या गाडींत कोणता प्रकार आहे हें पुस्तिकेंत पाहून ठेवावें. फलकावर चारी चाकांचे निरनिराळे आंकडे दिसत असतील तर बहुधा तो पहिला प्रकार होय.

हें यंत्र निघालें १९८० नंतरच्या काळांत. १९८६ सालच्या पोर्श ९५९ या महागड्या गाडींत तें प्रथम आलें. पण तें घरोघरच्या गाड्यांत आलें तें श्रीमंतांच्या हौसेनें नव्हे, तर सामान्यांच्या अपघातांनीं. २००० सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या उंच गाडीवरील फायरस्टोन टायरांचा पृष्ठभाग धांवतां धांवतां सुटून गाड्या उलटल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं. दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्या ऑगस्टांत सुमारें ६५ लक्ष टायर परत मागविण्यांत आले. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला; परंतु उन्हाळा, वेग, भार आणि त्यांत हवा कमी, हा योग घातक असतो ही गोष्ट सर्वांस पटली. कारण हवा कमी असलेल्या टायराची भिंत प्रत्येक फेऱ्यास वांकते व सरळ होते. लोखंडी तार हातांत पुन्हां पुन्हां वांकविली तर ती जशी तापते, तसेंच येथें होतें. त्याच वर्षीं अमेरिकेनें कायदा केला आणि १ सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या गाडींत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपांत २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींस तो लागूं झाला. आपल्या देशांत २०२० सालीं असा नियम झाला कीं, ज्या लहान प्रवासी गाडींत हें यंत्र व टायर दुरुस्तीचें साहित्य आहे तिला राखीव चाक ठेवण्याची सक्ति नाहीं. म्हणजे सरकारनें एका चाकाचें काम या दिव्यावर सोंपविलें आहे. अशा गड्यास चिकटपट्टी लावणारा मी!

आतां मुख्य मुद्दा. दिवा लागला तर काय करावें? मीं नातवाच्या वहींत पांच प्रश्न लिहून ठेविले आहेत. ते त्याच क्रमानें विचारावे. क्रम मोडला कीं पैसे जातात, असा माझा अनुभव आहे.

पहिला प्रश्न: दिवा लागला कसा? स्थिर लागला, कीं आधीं उघडझांप करून मग स्थिर झाला? या दोन निरनिराळ्या भाषा आहेत. बहुतेक गाड्यांत स्थिर दिव्याचा अर्थ ‘चाकांत हवा कमी आहे’ असा होतो. मिनिट-दीड मिनिट उघडझांप करून मग स्थिर झालेला दिवा म्हणतो, ‘मला कोणा चाकाची हकीकत समजत नाहीं, यंत्रांत बिघाड आहे.’ आमच्या घरीं डिसेंबरांतला दिवा पहिल्या जातीचा होता आणि मार्चांतला दुसऱ्या. आम्हीं दोहोंस एकच समजून दोहोंसही वेडें ठरविलें.

दुसरा प्रश्न: हातांतला दाबमापक काय म्हणतो? यंत्रावर शंका घेण्यापूर्वीं चारी चाकांतील हवा स्वतः मोजावी. गाडी निदान तीन तास उभी असावी. धांवून तापलेल्या टायराचा आंकडा फुगलेला असतो. योग्य आंकडा कोणता, हें चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टींत दिलेलें असतें. टायराच्या अंगावर कोरलेला आंकडा हा त्या टायराच्या सोशिकतेची कमाल मर्यादा असतो. तितकी हवा भरावयाची असते असें नाहीं.

येथें मला माझ्या जुन्या वर्गाचें एक उदाहरण सोडवूं द्या. आमच्या गाडीस ३३ पौंड हवा लागते. दिवा लागतो तो योग्य दाबाच्या शेंकडा २५ इतकी तूट आली म्हणजे. ३३ ची पाऊणपट म्हणजे पावणेपंचवीस. पावसाळ्यापासून आम्हीं हवा पाहिली नव्हती. टायर चांगला असला तरी त्यांतून महिन्याकाठीं सुमारें एक पौंड हवा झिरपतेच, आणि आमच्या जुन्या टायरांतून त्याहूनही अधिक जात असावी. समजा, डिसेंबरच्या दुपारीं ३० अंश उष्णतेंत ती २७ राहिली. वातावरणाचा दाब १४.७ मिळविला कीं एकूण दाब ४१.७. सकाळीं उष्णता १० अंश. निरपेक्ष मानानें ३०३ चे २८३ झाले. त्याच प्रमाणांत दाब उतरून सुमारें ३९ वर येतो, त्यांतून १४.७ वजा करा. उरले सव्वाचोवीस. म्हणजे सकाळीं मर्यादेच्या खालीं, दुपारीं वर! दिव्याला थंडी बाधत नव्हती. तो रोज सकाळीं खरें तेंच सांगत होता कीं, तुमचीं चाकें कित्येक महिन्यांची उपाशी आहेत. जें गणित मीं शेंकडों मुलांकडून करवून घेतलें, तें माझ्याच दारांत उभें असतांना मला दिसलें नाहीं.

याच हिशेबांत आणखी एक इशारा आहे. दिवा पावणेपंचविसाखालीं लागतो. म्हणजे २६ पौंडांस तो गप्पच राहणार. दिवा विझलेला आहे याचा अर्थ हवा पुरेशी आहे असा नव्हे. महिन्यांतून एकदां हातानें मोजणें सुटत नाहीं.

तिसरा प्रश्न: अलीकडे काय बदललें? डॉक्टर रोग्यास ‘काल काय खाल्लें’ म्हणून पुसतो, तसाच हा प्रश्न. चिखलासाठीं हवा उतरविली असेल तर दिवा लागणारच. तो दोष नव्हे, ती आठवण आहे कीं सडकेवर जाण्यापूर्वीं हवा भरा. हवा भरल्यावरही फलकावर जुनाच आंकडा दिसला तर घाबरूं नये. गाडी उभी असतां सेन्सर आपली बॅटरी जपण्यासाठीं झोंपी जातो आणि ताशीं २५-३० किलोमीटरांच्या पुढें गेल्यावर जागा होऊन बोलूं लागतो. डोंगरवाटेनें रांगत जाणाऱ्या गाडींत तो बराच वेळ मुका राहूं शकतो. दहा मिनिटें सडकेवर चालवावी आणि मग निर्णय करावा.

राखीव चाक बसविलें आहे काय? पुष्कळ गाड्यांत राखीव चाकांत सेन्सर नसतो. मग दिवा उघडझांप करणारच. नवीं चाकें, नवे टायर बसविले काय? गाडींत नवा कॅमेरा, स्वस्तांतला दिवा किंवा फोनचा चार्जर जोडला काय? अशा उपकरणांच्या खरखरींत सेन्सराचा बारीक आवाज बुडून जाण्याचा संभव असतो. तीं एकेक काढून पाहावीं. त्याला कांहीं खर्च नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे फेरे मोजणाऱ्या यंत्रास टायर बदलल्यावर किंवा हवा भरल्यावर ‘आतां आहे हाच योग्य दाब’ असें एका बटणानें शिकवावें लागतें. परंतु चाकें मोजून, योग्य हवा भरून मगच तें बटण दाबावें. दिवा घालविण्यासाठीं तसेंच बटण दाबणें म्हणजे मुलाकडून चुकीचें उत्तर घोकून घेणें आहे. पुढें तें पोर आत्मविश्वासानें चुकत राहतें.

चौथा प्रश्न: कोणतें चाक बोलत आहे? कारागिरानें चाकांची अदलाबदल केली, पुढचें मागें व मागचें पुढें नेलें, आणि गाडीस तें कळविलें नाहीं, तर फलकावर नांव एका चाकाचें व आंकडा दुसऱ्याचा असें होतें. याची परीक्षा घरच्या घरीं होते. एका चाकांतील पांच पौंड हवा मुद्दाम काढावी, थोडें फिरून यावें आणि फलकावर कोणता आंकडा उतरला तें पाहावें. ज्या चाकांतून हवा काढली त्याचाच आंकडा उतरला तर हजेरी बरोबर आहे. दुसऱ्याचा उतरला तर नांवें बदललीं आहेत. मग पुस्तिकेंत दिलेल्या रीतीनें नवी नोंद करावी. कांहीं गाड्या चालतां चालतां आपण होऊन नोंद घेतात. कांहींना ठराविक क्रमानें प्रत्येक चाकाची ओळख करून द्यावी लागते. परीक्षा झाल्यावर काढलेली हवा पुन्हां भरावयास विसरूं नये.

पांचवा व शेवटचा प्रश्न: सेन्सर जिवंत आहे काय? फलकावर एखाद्या चाकापुढें आंकड्याऐवजीं नुसत्या रेघा दिसत असतील तर शंका येथें घ्यावी. चांगल्या टायरवाल्याकडे हातांत धरावयाचें एक यंत्र असतें. तें चाकाजवळ नेऊन १२५ किलोहर्ट्झच्या लहरींनीं झोंपलेल्या सेन्सरास हांक मारतात. तो जिवंत असेल तर आपला क्रमांक, दाब आणि बहुधा बॅटरीची स्थितिही सांगतो. ही परीक्षा टायर न उतरवितां होते. म्हणून टायर उतरविण्यापूर्वीं तिचा आग्रह धरावा. बॅटरीचें आयुष्य साधारण पांच ते दहा वर्षें. ती डबींत कायमची बंद केलेली असते. म्हणून ती संपली कीं बहुधा सबंध सेन्सरच बदलावा लागतो. एक वार्धक्यानें गेला तर त्याच वयाचे बाकीचेही वाटेवर आहेत असें समजावें.

खडकाळ वाटेनें जाणाऱ्या गाडींत मात्र सेन्सर म्हातारपणापूर्वींच मरतो. दगड लागून व्हाल्वची दांडी मोडते. चिखल व खारें पाणी यांनीं ॲल्युमिनियमच्या दांडींतील साधी पितळी कळ गंजून अडकते. तेथें निकेलचा मुलामा दिलेली कळ हवी. टोपण धातूचें न घेतां प्लास्टिकचें घ्यावें, पण टोपण असावें हें मात्र खरें. चिखल आंत जाऊं नये एवढ्यासाठींच तें असतें. पंक्चर बुजविण्यासाठीं आंत सोडतात त्या कांहीं प्रकारच्या चिकट द्रवानें सेन्सराचें छिद्र बुजतें. आणि सर्वांत मोठा शत्रु म्हणजे घाईचा हात. टायराची कड सोडवितांना यंत्राचा दाब व्हाल्वच्या जागेवर पडला तर डबी कटकन मोडते. ‘आंत सेन्सर आहे, व्हाल्व सोडून दाब द्या,’ एवढें वाक्य आपण उभें राहून बोललों तर पुढचा खर्च वांचतो. व्हाल्ववर बाहेरून पिळून बसविण्याचे सेन्सरही मिळतात. सडकेवर ते ठीक आहेत, परंतु झुडपांतून व दगडांतून जाणाऱ्या गाडीचे ते फार दिवस टिकत नाहींत.

आतां आमच्या गाडीचा निकाल ऐका. कारागिरानें यंत्र फिरविलें. पुढचें उजवें चाक मुकें होतें. टायर उतरवून पाहिला, तों डबीचे दोन तुकडे. मार्चांत टायर बसवितांनाच ती मोडली होती. बाकीचे सेन्सर शाबूत होते. डाव्या मागील चाकांतील सेन्सर, ज्याचा टायर हमरस्त्यावर जळत होता, तोही शाबूत होता. म्हणजे त्या दिवशीं फलकावर उमटलेलीं अक्षरें खरीं होतीं. त्यानें वेळेवर, न चुकतां, सांगावयाचें तें सांगितलें होतें. एक साक्षीदार मुका झाला म्हणून आम्हीं उरलेल्या तिघांचीही साक्ष बंद केली होती.

त्या रात्रीं मला एका मुलाची आठवण झाली. मी नोकरींत नवा असतांना माझ्या वर्गांत शेवटच्या बांकावर तो बसे. “गुरुजी, फळ्यावरचं दिसत नाहीं,” असें तो रोज म्हणे. पहिल्या आठवड्यांत मीं ऐकून घेतलें, दुसऱ्यांत रागावलों, आणि तिसऱ्यांत त्याच्याकडे पाहणेंच सोडलें. ‘अभ्यासाचा कंटाळा’ असा शेरा मारून मोकळा झालों. पुढल्या वर्षीं दुसऱ्या शिक्षकांनीं त्याचे डोळे तपासविले आणि त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला. तो मुलगा वर्षभर खरें बोलत होता. रोज बोलत होता, हाच त्याचा अपराध झाला. चाळीस वर्षांनीं मीं तीच चूक पुन्हां केली आणि तीही माझ्या नातवाच्या डोळ्यांदेखत.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंति एवढीच. आपल्या गाडींत असा दिवा असेल तर उद्यां सकाळीं, गाडी थंड असतांना, दाबमापक घेऊन चारी चाकें मोजा. राखीव चाकही मोजा. तें बहुधा सर्वांत उपाशी असतें. दिवा लागत असेल तर तो कोणत्या भाषेंत बोलतो तें पाहा आणि क्रमानें पांच प्रश्न विचारा. बिघाड यंत्रांतच असला तरी तो दुरुस्त करून घ्या. कारण बिघडलेला दिवा चालवून घेतला कीं आपले डोळे खऱ्या दिव्यालाही सरावतात, आणि हा बिघाड कोणत्याही दुकानांत दुरुस्त होत नाहीं.

आमच्या गाडींत नवा सेन्सर बसला. ती काळी चिकटपट्टी नातवानें स्वतःच्या नखानें खरवडून काढली. त्या जागीं थोडा चिकट डाग राहिला आहे. चिरंजीव तो पुसूं म्हणत होते, मीं पुसूं दिला नाहीं. आतां प्रवासास निघतांना हवा मोजण्याचें काम नातवाकडे आहे. तो आंकडे मोठ्यानें वाचतो आणि मी ते वहींत लिहून घेतों. एखादा आंकडा मला नीट ऐकूं आला नाहीं, तर मी त्याला पुन्हां विचारतों.